एका दुव्याची चूक

प्रथिने म्हटली की डाळ, दूध आणि अंडी डोळ्यांपुढे येतात. हा अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे. अन्नाचे पचन, स्नायूंचे आकुंचन, रोगजंतूंचा प्रतिकार, प्राणवायूची वाहतूक या साऱ्या कामांत शरीराची भिस्त निरनिराळ्या प्रथिनांवरच असते. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे दुवे विशिष्ट क्रमाने जोडून प्रथिनाची साखळी बनते. त्या क्रमानुसार तिला घडी पडते आणि घडीवर तिचे कार्य ठरते. हा क्रम एका ठिकाणी बिघडला तरी केवढा अनर्थ ओढवू शकतो, याचा दाखला सिकलसेल या आनुवंशिक विकारात मिळतो.

रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात. त्यांपैकी दोन बीटा साखळ्यांत प्रत्येकी १४६ दुवे असतात. सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की प्राणवायू सोडलेले रेणू परस्परांना चिकटून ताठ तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. रुग्णाला असह्य वेदना होतात. एरवी सुमारे १२० दिवस टिकणारी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते.

दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. बदललेला नेमका दुवा व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे शोधला. भारतात नीलगिरीतील आदिवासींमध्ये या विकाराची नोंद १९५२ मध्येच झाली होती. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार आदी जिल्ह्यांत तो आढळतो. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम मात्र २०२३ मध्ये सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, ही तिची उद्दिष्टे आहेत.

तपासणी आवश्यकच आहे. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. परंतु उपचाराविना तपासणी म्हणजे केवळ शिरगणती होय. वाहक ठरलेल्या मुलीचे लग्न अडू लागले, तर तपासणीचे कार्ड तिच्या कपाळीचा डाग ठरेल.

जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. याउलट हायड्रॉक्सियुरिया हे जुने, तुलनेने स्वस्त औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून रेणूंचे चिकटणे रोखते. ते नियमित घ्यावे लागते आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते. त्यासाठी मजुराला जिल्ह्याच्या गावी खेटे घालावे लागले, तर दर खेपेला त्याची मजुरी बुडते. मग मोफत औषधही त्याला महागच पडते. म्हणून गोळ्या आणि रक्ततपासणी ही दोन्ही प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाली पाहिजेत.

प्रथिनातील चूक निसर्गाची आहे. औषध ठाऊक असूनही ते रुग्णाच्या गावापर्यंत न पोहोचणे, ही चूक मात्र समाजाची आहे.