शिखरावरचे पंचवीस मीटर

ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान एका सेकंदात २५० मीटर अंतर कापतं. वैमानिकाने बॉम्ब सोडायला सेकंदाचा दहावा भाग उशीर केला, तरी तो २५ मीटर पुढे जाऊन पडतो. मैदानात एवढी चूक बऱ्याचदा खपून जाते, कारण स्फोटाच्या ठिकऱ्या काम करतात. पण निशाणा डोंगराच्या अरुंद धारेवर असेल तर? मग तोच बॉम्ब धार ओलांडून पलीकडच्या दरीत जातो आणि वरच्या बंकरला साधा ओरखडाही उठत नाही.

१९९९च्या उन्हाळ्यात कारगिलमध्ये शिखरांवर ठाण मांडून बसलेल्या पाकिस्तानी सैन्यावर मारा करताना हवाई दलापुढे हाच पेच होता. कोणतं लढाऊ विमान सरस, हा वाद आपल्याकडे हिरिरीने होतो. वेग, पल्ला, रडार यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले जातात. पण हे विमान कोणत्या हवेत उडणार आणि खाली काय आहे, हा प्रश्न मला त्याआधीचा वाटतो.

पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरते. तिथे बॉम्बला हवेचा अडथळा कमी होतो, त्यामुळे सखल प्रदेशासाठी बांधलेली नेमबाजीची गणितं चुकतात. इंजिनाचाही दम कमी पडतो. २७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७चं इंजिन हल्ला चालू असतानाच बंद पडलं. त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचं मिग-२१ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं आणि दुसऱ्या दिवशी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर चार जणांसह गेलं. अशा क्षेपणास्त्राचा पल्ला तीन-चार किलोमीटरच असतो, पण डागणारा माणूसच पाच हजार मीटरवर बसलेला होता. त्यामुळे एरवी निर्धोक वाटणारी उंचीही त्याच्या टप्प्यात आली.

मिग-२७ आमच्या नाशिकजवळच्या ओझरला बनत होतं. तिथे त्याचं इंजिन बंद पडलं म्हणून त्याला नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. सपाट मुलुखात जमिनीलगत झेपावून रणगाड्यांच्या ताफ्यांवर तुटून पडण्यासाठी घडवलेलं ते यंत्र होतं. त्याला हिमालयाच्या विरळ हवेत उभ्या कड्यांवर लढावं लागलं.

मग मिराज-२००० पुढे आलं. त्याच्या पोटाखाली 'लायटनिंग' हा इस्रायली पॉड होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या लेझरचा ठिपका पॉड निशाण्यावर टाकतो. बॉम्बच्या नाकात चार भागांत विभागलेला संवेदक असतो. परावर्तित प्रकाश चारही भागांवर सारखा पडला, तर दिशा बरोबर. एका भागावर जास्त पडला, की पुढचे छोटे पंख वळतात आणि बॉम्ब त्या बाजूला झुकतो. खाली यायला लागणाऱ्या साधारण अर्ध्या मिनिटात ही दुरुस्ती पुन्हा पुन्हा होते. सुटतानाची चूक वाटेतच भरून निघते, तीही विमान क्षेपणास्त्रांच्या टप्प्याच्या वर राहून. २४ जून रोजी टायगर हिलवरच्या ठाण्यावर असे बॉम्ब पडले. बॉम्ब मात्र जुन्याच बनावटीचा, हजार पौंडांचा. नवं होतं ते त्याला जोडलेलं नाक आणि पंख.

त्याआधी आठवडाभर, १७ जूनला, मुंथो ढालोचा मोठा रसदतळ मिराजनीच साध्या बॉम्बनी उद्ध्वस्त केला होता. निशाणा ऐसपैस पसरलेला असला, तर लेझरची गरज पडत नाही. रात्रीच्या हल्ल्यांत मिग-२१च्या वैमानिकांनी हातातलं जीपीएस यंत्र आणि स्टॉपवॉच घेऊन बॉम्ब टाकले. त्या जिद्दीपुढे मी आजही नतमस्तक होतो.

लेझरलाही मर्यादा आहे. मध्ये ढग आला की ठिपका दिसेनासा होतो, आणि त्या शिखरांवर ढग कधीही उतरतात. शेवटी शिखर ताब्यात घ्यायला पायदळच लागलं. ४ जुलैला १८ ग्रेनेडियर्सचे जवान टायगर हिलच्या माथ्यावर पोचले, ते रात्रीच्या अंधारात उभा कडा दोराने चढून.