खोली सोडताना डिपॉझिट परत कसं मिळवायचं?

गावाकडच्या कितीतरी लेकी आज खराडीच्या आयटी पार्कमध्ये कामाला आहेत. चौघी मिळून फ्लॅट घेतात, डिपॉझिट वाटून भरतात. आमच्या एका ताईने लेकीच्या वाट्याचे वीस हजार बचत गटातून कर्ज काढून दिले. वर्षाने लेकीने खोली सोडली. मालक म्हणाले, "करारावर तुझं नाव नाही, मैत्रिणीकडे माग." मैत्रीण म्हणाली, "नवी मुलगी आली की देते." इकडे ताईचा हप्ता चालूच!

म्हणून आम्ही आता आधीच सांगतो. करारावर चौघींची नावं घाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. डिपॉझिट बँकेतून किंवा फोनवरून द्या. रोख दिलं तर सहीची पावती घ्या. राहायला जाताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढा, सोडतानाही काढा. खोली सोडत असल्याचं करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी कळवा. वीजबिल भरा, किल्ली देतानाच हिशेब लिहून घ्या. एकटीच निघत असाल तर आपला वाटा कोण, कधी देणार, तेही लिहून घ्या.

तरी पैसे अडले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

ताईच्या लेकीने पैसे फोनवरून पाठवले होते. ती नोंद दाखवली, तेव्हा कुठे मैत्रिणीने दोन हप्त्यांत रक्कम फेडली. लेकीला गाडीत बसवण्याआधी एवढं तिच्या कानावर घालाच.