शाखेचा कोड बरोबर, तरी पैसे गेले कोठे?

एका आजारी मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी मदतीचे आवाहन आम्ही मागे एकदा प्रसिद्ध केले होते. बँकेचे नाव, शाखा, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, सारे काही दिले आहे अशा समाधानात आम्ही होतो. दुसऱ्या दिवसापासून दूरध्वनी सुरू झाले. ‘फादर, कोड चुकीचा आहे असे मोबाइल सांगतो.’ तीन वेळा ताडून पाहिले, तरी आम्हांला चूक दिसेना. अखेर एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने ती एका दृष्टिक्षेपात दाखवली. कोडमधील पाचव्या जागी आम्ही शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर टंकले होते! ही चूक निरुपद्रवी ठरली. यंत्राने व्यवहारच नाकारला, त्यामुळे कोणाचाही पैसा अडकला नाही. मात्र प्रत्येक चुकीच्या वेळी यंत्र असे हटकत नाही, आणि म्हणूनच हा विषय आपल्या वाचकांपुढे थोड्या विस्ताराने मांडावा असे आम्हांस वाटले.

आयएफएससी म्हणजे इंडियन फायनान्शियल सिस्टिम कोड. हा बँकेच्या शाखेचा संकेतांक होय. तो नेहमी अकरा स्थानांचा असतो. पहिली चार अक्षरे बँक कोणती ते सांगतात, पाचव्या स्थानी सदैव शून्य असते आणि उरलेली सहा स्थाने शाखा दर्शवितात. स्टेट बँकेच्या मुंबईतील मुख्य शाखेचा कोड ‘एसबीआयएन००००३००’ असा आहे. पासबुकावर त्याच्या शेजारीच बहुधा नऊ आकड्यांचा एमआयसीआर कोड छापलेला असतो. तो धनादेश वटविण्याच्या कामी येतो; त्यातील पहिले तीन आकडे शहराचे, पुढील तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. पैसे पाठविताना तो उपयोगाचा नाही. ज्येष्ठ मंडळींची या दोहोंत गल्लत होताना आम्ही अनेकदा पाहतो.

सहकारी बँकांच्या खातेदारांना आणखी एक कोडे पडते. काही लहान सहकारी बँका या व्यवस्थेत स्वतः थेट सभासद नसतात, तर एखाद्या मोठ्या बँकेच्या आश्रयाने उपसभासद म्हणून सहभागी होतात. अशा वेळी त्यांच्या कोडची पहिली चार अक्षरे त्या मोठ्या बँकेची असू शकतात. ‘माझे खाते या बँकेत, आणि कोड त्या बँकेचा कसा?’ असे विचारत घाबरून जाण्याचे कारण नाही. आपल्या शाखेत एकदा खात्री करून घ्यावी, म्हणजे झाले.

या कोडच्या आधारे पैसे मुख्यत्वे तीन मार्गांनी जातात. आरटीजीएस ही व्यवस्था २००४ साली सुरू झाली. तीत किमान दोन लाख रुपये पाठवावे लागतात आणि प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे, तत्काळ पुरा होतो. एनईएफटी २००५ साली आली. तीत व्यवहारांचे दर अर्ध्या तासाने गट करून हिशेब मिटविला जातो. पूर्वी या दोन्ही सेवांना बँकेच्या वेळेची मर्यादा होती. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र, रविवारी व सणासुदीलाही चालते. २०१० सालची आयएमपीएस सेवा तत्क्षणी पैसे पोहोचविते. तिची मर्यादा पाच लाख रुपये आहे. बचत खात्यातून इंटरनेट वा मोबाइलद्वारे एनईएफटी केल्यास बँकेने शुल्क घ्यावयाचे नाही, असा नियम जानेवारी २०२० पासून लागू आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अर्जावर आपण पैसे घेणाऱ्याचे नाव लिहितो आणि समजतो की बँक ते नाव खात्याशी ताडून पाहीलच. हा समज चुकीचा आहे. ऑक्टोबर २०१० मधील रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, पैसे जमा करणारी बँक केवळ खाते क्रमांकावर विसंबून रक्कम जमा करू शकते. आयएफएससी कोड पैशांना योग्य बँकेपर्यंत नेतो; आत गेल्यावर ते कोणाचे हे ठरवितो तो खाते क्रमांक. म्हणूनच कोडमधील शाखा चुकली परंतु बँक तीच राहिली, तर पैसे पुष्कळदा योग्य खात्यातच जातात. खात्याचा आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचे खाते अस्तित्वातच नसेल, तर रक्कम परत येते. एनईएफटीमध्ये तो गट पूर्ण झाल्यापासून दोन तासांच्या आत ती परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रेपो दराहून दोन टक्के अधिक दराने व्याज द्यावे लागते. परंतु त्या चुकीच्या क्रमांकाचे खाते खरोखरच कोणाचे तरी असेल, तर?

आमच्या परिचयातील एका विधवा मातेवर हा प्रसंग ओढवला. मुलीच्या नर्सिंग अभ्यासक्रमाचे पंचेचाळीस हजार रुपये तिने भाच्याकरवी मोबाइलवरून पाठविले. दोन आकड्यांची अदलाबदल झाली. अशीच चूक टळावी म्हणून खाते क्रमांक दोनदा टंकावयास सांगतात. पण भाच्याने पहिल्या रकान्यातील आकडा उचलून दुसऱ्यात तसाच चिकटविला. कोड अचूक, नाव अचूक, आणि पैसे एका अनोळखी गृहस्थाच्या खात्यात. बँकेने सांगितले की त्या खातेदाराच्या संमतीवाचून ती रक्कम परस्पर काढता येत नाही. कायदा मातेच्या बाजूने होता. चुकीने मिळालेले पैसे परत करणे हे १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७२ नुसार घेणाऱ्याचे कर्तव्यच आहे. पण कायदा बाजूने असणे आणि फीची तारीख उद्यावर येऊन ठेपणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लेखी तक्रार, यूटीआर क्रमांक म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, मग पत्रे आणि हेलपाटे. रक्कम परत यावयास अडीच महिने लागले, आणि फी तोवर उसनवारीने भरली गेली.

यावर एक चांगला उपाय आता उपलब्ध झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश दिला की, १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी एनईएफटी व आरटीजीएससाठी नाव पडताळणीची सोय विनामूल्य द्यावी. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड भरला की पैसे पाठविण्यापूर्वीच त्या खात्यावरील नाव पडद्यावर दिसते. शाखेत जाऊन पैसे पाठविणाऱ्यांसाठीही ही सोय आहे. ती आग्रहाने मागावी. रक्कम मोठी असेल तर आम्ही स्वतः आधी एक रुपया पाठवितो, तो पोहोचल्याचे दूरध्वनीवर विचारतो आणि मगच उरलेली रक्कम पाठवितो. आमचे तरुण सहकारी याला हसतात. हसोत बापडे!

जुन्या नोंदींविषयीही सावध असावे. विजया बँक व देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली. तिचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून चालेनासे झाले. कोकणातील वाचकांना जवळची विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत समाविष्ट झाली आहे. वहीत वर्षानुवर्षे लिहून ठेवलेला कोड म्हणूनच पुन्हा एकदा तपासून घ्यावा. तो पासबुकावर, धनादेशावर किंवा रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मिळतो. बँकेचे संकेतस्थळ पाहावयाचे असल्यास पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे ना, ते पाहावे. हा पत्ता केवळ बँकांसाठी राखीव असून ऑक्टोबर २०२५ अखेर सर्व बँकांनी त्यावर जावे असे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले होते.

आखातात वा इतरत्र असलेल्या आप्तांनी एक ध्यानी घ्यावे. आयएफएससी ही देशांतर्गत व्यवस्था आहे. परदेशी बँकेतून थेट पैसे येताना बहुधा स्विफ्ट कोडही मागितला जातो. घरच्यांना पैसे पाठविणे ही एक गोष्ट आणि संस्थेला देणगी देणे ही दुसरी. परदेशी नागरिकाची देणगी स्वीकारावयाची तर संस्थेपाशी विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते. चर्चच्या स्थानिक खात्याचा क्रमांक अशा दात्याला कळवू नये.

‘खाते क्रमांक आणि कोड दिला तर कोणी पैसे काढून घेईल काय?’ असेही आम्हांस विचारले जाते. केवळ एवढ्या माहितीवर पैसे काढता येत नाहीत. ती पैसे घेण्यासाठीच असते. गुप्त राखावयाचा तो पिन, पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. पैसे मिळविण्यासाठी पिन टंकावा लागत नाही. तसे सांगणारा मनुष्य लबाड समजावा. तसेच धर्मगुरूंच्या नावाने तातडीची मदत मागणारा संदेश नव्या खाते क्रमांकासह आला, तर पैसे पाठविण्यापूर्वी त्यांना त्यांच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करावा. फसवणूक झालीच, तर आपल्या बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीला त्याच तासात कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात वळविली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती गोठविता येण्याची शक्यता असते. फोन करताना यूटीआर क्रमांक हाताशी ठेवावा.