लेहला जाताय? मग आधी कपड्यांचं बघा!

एप्रिल उजाडला की आमच्या सोसायटीत दोनच विषय असतात. एक, आंब्याच्या पेटीचा भाव. दुसरा, यंदा सुट्टीत कोण कुठे चाललंय. पूर्वी हे ‘कुठे’ म्हणजे महाबळेश्वर, नाहीतर फार तर कुलू-मनाली. २००९ मध्ये ‘थ्री इडियट्स’ आला, त्यातलं निळंशार पँगाँग सरोवर सगळ्यांनी पाहिलं आणि कॉलेजातल्या मुलींपासून साठीच्या काकूंपर्यंत सगळ्यांना लडाखचे वेध लागले. मी दोनदा जाऊन आलेय, म्हणून बॅग भरायच्या वेळी मैत्रिणींचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला, “स्वेटर किती जाड घेऊ गं?”

माझं उत्तरही ठरलेलं. जाड एक घेण्यापेक्षा पातळ तीन घे.

का, ते सांगते. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. लेह शहरच साधारण ३,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट. तिथून जेमतेम चाळीस किलोमीटरवरचा खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. दर हजार मीटर वर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. जुलैत लेहच्या बाजारात ऊन अंगाला चटका देतं आणि दोन तासांत खिंडीत पोचलात की बारा अंशांनी गार, वर बोचरा वारा. आता एकच जाडजूड कोट असेल तर खाली घामाघूम आणि तो काढला की वर कुडकुडणं!

तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर करायचे. अंगालगत थर्मलचा शर्ट आणि पँट. त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर. सगळ्यात वर वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट. अंगालगत सुती काही नको. मुंबई-पुण्यात सुती कपड्यासारखं सुख नाही, पण सुती कापड घाम शोषून ओलं राहतं आणि ओलं कापड अंगातली ऊब खेचून घेतं. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते. आजीने विणलेला जुना लोकरीचा स्वेटर माळ्यावर असेल तर खुशाल काढा, मधल्या थराला त्याच्यासारखा सोबती नाही.

आता खरी बायकांची गोष्ट. ही सहलीच्या माहितीपत्रकात कुठे छापलेली नसते.

लेह ते पँगाँग हा पाच-सहा तासांचा रस्ता. वाटेत स्वच्छतागृहं मोजकीच, तीही कशी असतील सांगता येत नाही. मग आपण बायका काय करतो? पाणीच पीत नाही. आमच्या गटातल्या एका मावशींनी भाड्याने आणलेला, पायापासून गळ्यापर्यंत एकच चेन असलेला बर्फाचा सूट चढवला होता. तो उतरवायचा म्हणजे वरचं जाकीट, हातमोजे सगळं काढून, थंडीत अर्ध्या अंगाने उभं राहायचं. त्यांनी सकाळी दोन घोट चहा घेतला, तो शेवटचा. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुरू झाली. आता हा तहानेचा त्रास की उंचीचा? दोन्हींची लक्षणं इतकी सारखी की कोणालाच सांगता येईना. आणि उंचीचा असेल तर थांबायची सोय नाही, मुकाट खाली उतरावं लागतं. रात्रभर आम्ही सगळ्या जाग्या. सुदैवाने पाणी आणि सूप पोटात गेल्यावर पहाटे त्यांना बरं वाटलं.

म्हणून मैत्रिणींनो, कपडा निवडताना घरीच एक परीक्षा घ्या. सगळे थर अंगावर चढवा आणि बाथरूममध्ये जाऊन या. एका मिनिटात जमलं तर तो पोशाख बरोबर. वरचं आणि खालचं वेगळंच हवं. पँटला कमरेला इलॅस्टिक हवं, नाडीची गाठ गारठलेल्या बोटांनी सुटत नाही. वरून गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता असेल तर उत्तम. रस्त्याकडेच्या दगडाआड जायची वेळ आली तर त्याच्यासारखा आडोसा नाही. सोबत एक मोठी शाल ठेवा, मैत्रीण धरून उभी राहते. एवढं जमलं की दिवसभर थोडं थोडं पाणी निर्धास्त प्या. लघवीचा रंग फिकट राहिला म्हणजे पाणी पुरतंय.

पाळीच्या तारखा बघून पॅड घरूनच न्या, जुनी वर्तमानपत्रं आणि एक जाड पिशवीही न्या. लडाखी घरांतली पारंपरिक स्वच्छतागृहं कोरडी असतात, त्यातलं खत पुढे शेतात जातं. तिथे पॅड टाकायचं नाही, गुंडाळून परत आणायचं.

“आमच्या सासूबाई साडीच नेसतात, त्यांचं काय?” हाही नेहमीचा प्रश्न. नेसू देत की! आत थर्मल, परकराखाली लोकरीची लेगिंग, पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि साडी घोट्याच्या वर नेसलेली, म्हणजे पायात येत नाही. फक्त चपला नकोत. बूट हवेत, तेही बोटं हलतील इतके सैल. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखीच गार पडतात. जोडवी बुटात रुततात, ती घरी ठेवलेली बरी. अंगठ्याही काढा, उंचीवर काहींच्या हाताची बोटं सुजतात आणि मग अंगठी निघता निघत नाही.

डोक्याला कानटोपी आणि डोळ्यांना चांगला गॉगल हवाच. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे उन्हातले अतिनील किरण जास्त पोचतात आणि बर्फावरून उलटून पुन्हा तोंडावर येतात. सनस्क्रीन हनुवटीखालीही लावा.

मात्र एक लक्षात असू द्या. कितीही उबदार कपडे घातले तरी विरळ हवेवर त्यांचा इलाज नाही. विमानाने गेलात तर लेहमध्ये पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यायची. बीपी, दमा, हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटायचं. डोकं दुखलं, उलटी झाली, चालताना झोक गेला, तर “सगळ्यांचा मूड कशाला घालवू” म्हणून गप्प बसायचं नाही. लगेच सांगायचं.

लेहच्या बाजारात भाजी विकणाऱ्या लडाखी आजींकडे जरूर बघा. अंगात पायघोळ लोकरी गोंचा, कमरेला घट्ट पट्टा, डोक्याला टोपी. पिढ्यान् पिढ्या तिथल्या थंडीत राबलेला पोशाख आहे तो, त्यावर वेगळं काही शिकवायला नको. त्यांच्याकडून वाळवलेले जर्दाळू घ्या, हसून ‘जुले’ म्हणा. आणि गाडीत बसण्याआधी पाण्याची बाटली भरून घ्यायला विसरू नका!