कुदळ मारण्याआधी

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी शेतघरांवरून आता नांगर फिरलाय. पण विटांची विहीर बुजवली तरी चुंबकमापकाला सापडते. वीट भाजून थंड होताना तिच्यातली लोहखनिजं पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून बसतात. ते क्षेत्र सुमारे ५०,००० नॅनोटेस्ला. विटांमुळे पडणारा काही दहा नॅनोटेस्लांचा फरकही यंत्र टिपतं. अडचण खिळे, तारा, नालांची! अंगणात लोखंडाचा इतका कचरा, की नकाशाला जणू गोवर उठतो. मग जमिनीचा विद्युतरोध मोजायचा. दगडी पाया वीज अडवतो, बुजवलेला ओलसर खड्डा जाऊ देतो. इंग्लंडमध्ये रिचर्ड ॲटकिन्सन यांनी १९४६ मध्येच ही पद्धत पुरातत्त्वात वापरली. माझ्या मते दोन्ही यंत्रं फिरवल्याशिवाय कुदळ उचलूच नये. आणि संडासाचा जुना खड्डा सापडला तर नाक मुरडू नका. घरातल्या फुटक्या बाटल्या-बश्या बहुधा तिथेच मिळतात.