उद्याचे पंचांग, कालचा भाव

उद्याचा भाव आज कळला असता तर? जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत कापूस पिकविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हा प्रश्न कधी ना कधी स्वतःला विचारलेला असतो. ‘बॅक टू द फ्यूचर, भाग २’ हा १९८९ सालचा अमेरिकन विनोदी चित्रपट याच प्रश्नावर उभा आहे. पहिला भाग १९८५ साली आला होता. दिग्दर्शक दोन्हींचे एकच, रॉबर्ट झेमेकिस.

कालयंत्रातून २०१५ साली पोहोचलेला मार्टी हा तरुण तेथे एक पुस्तक विकत घेतो. १९५० ते २००० या काळातील खेळांच्या सामन्यांचे निकाल त्यात आहेत. पैजा जिंकून श्रीमंत व्हावे, हा त्याचा साधा हेतू. शास्त्रज्ञ ब्राऊन त्याला झापतो आणि पुस्तक फेकून देतो. पण म्हातारा बिफ ते उचलतो, यंत्र पळवून १९५५ साली जातो आणि तरुणपणच्या स्वतःच्याच हाती हे उद्याचे पंचांग ठेवतो. परिणामी १९८५ चे शांत गाव जुगाराचे अड्डे आणि गुंडगिरी यांनी भरून जाते. बिफ त्याचा अनभिषिक्त राजा होतो.

पुढचा भाग म्हणजे बहुधा पहिल्याचीच शिळी कढी. येथे तसे झालेले नाही. पहिल्या चित्रपटातील प्रसंगांच्या मागे लपून नवे प्रसंग घडतात, ही कल्पना विलक्षण चतुर आहे. दोषही आहेत. नायिकेला बेशुद्ध करून बाजूला ठेवले जाते आणि शेवट तिसऱ्या भागासाठी अर्धवट सोडला जातो. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठी चूक निराळीच आहे. बिफच्या पैशाने सारे गाव पालटते, तरी पंचांगातील निकाल मात्र तसेच राहतात! पैज लावणारा एकच असेल तर हे कदाचित चालेल. तेच पुस्तक सर्वांच्या हाती पडले, तर पैज घ्यायलाच कोणी उरणार नाही.

हा दोष खानदेशाने पडद्याबाहेर अनुभवला आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. तेजी शिगेला पोहोचली तेव्हा अनेक लहान शेतकऱ्यांच्या घरी कापूस उरलाच नव्हता. म्हणून पुढच्या हंगामात त्यांनी तो विकला नाही. राहत्या घराच्या खोल्या भरल्या. कालचा भाव हेच उद्याचे पंचांग मानले गेले. पण सर्वांनी एकच पान वाचले होते. माल घरात थांबला, मागणी मंदावली आणि २०२३ च्या मध्यापर्यंत भाव सात हजारांच्या आसपास उतरला. सावकाराचे व्याज मात्र थांबले नव्हते.

या व्यवहारात जुगाराची छाया जुनीच आहे. पुढे ‘मटका’ म्हणून कुप्रसिद्ध झालेला आकड्यांचा खेळ न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून मुंबईला तारेने येणाऱ्या भावांवरील पैजांतूनच जन्मला. शेतकऱ्याने मात्र पैज लावायची ठरवलेली नसते. ती त्याच्यावर लादली जाते.

भावाच्या पंचांगातील पाऊस आणि परदेशी पीक ही पाने कोणालाच आधी वाचता येत नाहीत. पण निदान एक पान माणसाच्याच हातचे असते. कापसावरील ११ टक्के आयातशुल्क एप्रिल २०२२ मध्ये माफ झाले. १९ ऑगस्ट २०२५ रोजी ते पुन्हा माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. त्या ऑगस्टमध्ये खानदेशातील पेरणी केव्हाच उरकली होती. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा, हे मान्य. परंतु खरिपाचा हमीभाव पेरणीच्या सुमारास जाहीर करता येतो, तर आयातीचे धोरण त्याच वेळी का सांगता येऊ नये?

चित्रपटात मार्टी ते पुस्तक जाळतो आणि बिफचे साम्राज्य क्षणात लोप पावते. खानदेशातील शेतकऱ्याला काही जाळायचे नाही, की उद्याचा भावही चोरून पाहायचा नाही. सरकारच्या हातचे ते एक पान पेरणीपूर्वी उघडावे, एवढीच त्याची मागणी असू शकते. आणि त्यासाठी कालयंत्राची गरज नाही.