छोटे बाथरूम, पाहुण्यांची मोठी सोय

घराचे काम निघाले की सगळ्यांचे लक्ष दिवाणखान्याकडे आणि स्वयंपाकघराकडे जाते. दाराजवळचे पाहुण्यांचे छोटे बाथरूम मात्र मागे राहते. वर्षभर तिथे फुटकी बादली, जुना झाडू आणि फिनेलची बाटली मुक्कामाला असते. मग ईद येते, लग्नकार्य येते, आणि तेच बाथरूम एका दिवसात वीस-पंचवीस माणसे वापरतात. त्यांत गुडघे दुखणाऱ्या खालाजान असतात, वुजूसाठी ताटकळलेले मामूजान असतात, कडेवर मूल घेऊन आलेली भाची असते. पाहुणा तक्रार करत नाही, तो संकोचाने गप्प राहतो. काही वयस्क मंडळी तर बाथरूमची अडचण नको म्हणून पाणीसुद्धा कमी पितात.

पाहुण्याचा मान राखणे ईमानाशी जोडलेले आहे, ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आली आहे. दस्तरखानावर आपण काही कमी पडू देत नाही. तीच काळजी या चार भिंतींतही दिसायला हवी. यंदा आम्ही घरातले 4 फूट बाय 6 फुटांचे बाथरूम नव्याने करून घेतले. त्या वेळी घरात जी चर्चा झाली आणि मिस्त्री-प्लंबरकडून जे समजले, ते वाचकांसमोर ठेवत आहोत.

आधी वापर, मग सजावट

तरुण मंडळींना चकचकीत पांढरी फरशी हवी होती. अम्मींनी एका वाक्यात निकाल दिला, “बेटी, चकाकी भिंतीला लाव, पायाखाली नको.” जमिनीला खरखरीत, मॅट फिनिशची, घसरण न होणारी फरशी घ्यावी. दुकानात ती ओली करून त्यावर हात फिरवून पाहावे. लहान आकाराच्या फरशांना सांधे जास्त येतात, त्यामुळे पायाला पकड मिळते आणि उतारही नीट काढता येतो.

कमोडशेजारी आणि वुजूच्या नळाजवळ स्टीलचा धरायचा दांडा बसवावा. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही, म्हणून हा वेगळा आणि भक्कम हवा. तो पक्क्या भिंतीत बसेल याची खात्री फरशी लावण्यापूर्वीच करावी. दार शक्यतो बाहेर उघडणारे ठेवावे. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. कडीही बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी मिळते.

कमोडची दिशा

शौचाच्या वेळी किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ करू नये, असे हदीसमध्ये आले आहे. हनफी मतानुसार हे बंदिस्त शौचालयालाही लागू आहे. कोकणात शाफई मताचे लोक मोठ्या संख्येने आहेत. त्या मतानुसार बंदिस्त शौचालयात सवलत आहे, तरी टाळता आले तर उत्तम. मुंबईहून किब्ला थेट पश्चिमेपेक्षा साधारण 10 अंश उत्तरेकडे येतो. म्हणून आपल्याकडे कमोडवर बसणाऱ्याचे तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला आले की प्रश्न मिटतो. लोखंडी सळ्यांजवळ फोनचे होकायंत्र चुकू शकते, म्हणून दिशा गच्चीवर किंवा अंगणात पाहून घ्यावी.

हा निर्णय तोडफोडीच्या आधी व्हायला हवा. कमोड हलवला की मैल्याचा 4 इंची पाइप हलतो, त्याला उतार द्यावा लागतो आणि त्यासाठी जमीन उचलावी लागते. फ्लॅट असेल तर खालच्या घराच्या छताचाही प्रश्न येतो. सोसायटीची परवानगी लेखी घ्यावी. शेजाऱ्याच्या छताला ओल आली तर आपल्या सुंदर बाथरूमचा काय उपयोग?

जे दिसत नाही ते काम

पैशांची काटकसर करायची तर ती आरशात करावी, वॉटरप्रूफिंगमध्ये नको. जुनी फरशी काढल्यावर जमीन, कोपरे आणि भिंतीचा खालचा एक फूट भाग वॉटरप्रूफ करून घ्यावा. नळासमोरच्या भिंतीवर हा थर आणखी वर न्यावा. नंतर नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी तुंबवावे आणि किमान 24 तास तसेच ठेवावे. पाण्याच्या पातळीची भिंतीवर खूण करावी, खालच्या घरातही एकदा पाहून यावे. ही परीक्षा पार पडल्याशिवाय फरशी लावू देऊ नये.

उतार दर चार फुटांना अर्धा ते पाऊण इंच पुरतो. फरशी पक्की होण्यापूर्वी एक तांब्या पाणी ओतून ते सगळे जाळीकडे जाते का, हे डोळ्यांनी पाहावे. पाणी साचले की शेवाळ धरते, आणि पाय तिथेच घसरतो.

फरशीचा हिशेब सोपा आहे. 4 बाय 6 फुटांच्या खोलीची जमीन 24 चौरस फूट. चारही भिंतींची लांबी 20 फूट, 7 फूट उंचीपर्यंत 140 चौरस फूट. त्यातून अडीच बाय सात फुटांच्या दाराचे साडेसतरा वजा केले की जमीन धरून सुमारे 147 उरतात. कापाकापीसाठी दहा टक्के वाढवले की 162 चौरस फूट. दोन-चार फरशा जपून ठेवाव्यात. पुढे एखादी फुटली तर तसाच रंग बाजारात मिळेल याचा भरवसा नसतो.

वुजूची सोय

एकच बाथरूम आणि नमाजची वेळ, म्हणजे दाराशी रांग. शक्य असेल तर बेसिन बाथरूमच्या बाहेर, दारालगतच्या भिंतीवर घ्यावे. एकजण आत असताना दुसरा वुजू करू शकतो, बिस्मिल्लाह म्हणायलाही संकोच वाटत नाही, आणि आतली जागा मोकळी होते. आम्ही हेच केले.

पण बेसिनमध्ये पाय उचलून धुणे वयस्कांना जमत नाही. त्यांच्यासाठी आत एक नळ आणि बसायची जागा हवी. ओट्याला जागा नसेल तर भिंतीला दुमडून ठेवता येणारी बैठक किंवा रबरी पायांचे जड स्टूल चालते. बैठकीची उंची 16-17 इंच ठेवावी. नळाची उंची मात्र घरातल्या वयस्क माणसाला प्रत्यक्ष बसवून ठरवावी.

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, एक लिटरपेक्षाही कमी. आपला नळ मिनिटाला 6 लिटर सोडत असेल आणि तीन मिनिटे उघडा राहिला, तर एका वुजूत 18 लिटर जातात. वीस पाहुण्यांचे झाले 360 लिटर. नळाला हवा मिसळणारी जाळी लावली तर धार भरीव वाटते आणि पाणी वाचते. फ्लशही दोन बटणांचा घ्यावा. कमोडजवळ जेट हवाच, पण जुन्या माणसांना लोटा लागतो. तोही स्वच्छ ठेवावा.

वीज आणि हवा

गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीही बसवू नये. बंद खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आतल्या माणसाला सावध व्हायला वेळ मिळत नाही. थंडीत दार-खिडकी लावून आंघोळ करणाऱ्या पाहुण्याला हे माहीत नसते, म्हणून ही जबाबदारी यजमानाची. विजेचा गिझर असेल तर अर्थिंग तपासून घ्यावे आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. त्याचे बटण बाथरूमच्या बाहेर असावे. एक्झॉस्ट पंखा लावला तर दाराखाली अर्धा इंच फट ठेवावी. हवा आत आली तरच पंखा ती बाहेर टाकतो.

थोडक्यात सजावट

लहान खोलीला फिकट रंग शोभतात. फिकट भिंत, थोडी गडद जमीन आणि एक मोठा आरसा एवढ्याने जागा ऐसपैस वाटते. कुरआनच्या आयती किंवा अल्लाहचे नाव असलेली चित्रे बाहेरच्या भिंतीवर लावावीत. आत मनीप्लांटची बाटली पुरेशी आहे. बुरखा, ओढणी आणि टोपीसाठी तीन-चार मजबूत हूक, घड्याळ-अंगठी ठेवायला उंचावर छोटी फळी, झाकणाची कचरापेटी, धुतलेला टॉवेल आणि दाराबाहेर कोरडे पायपुसणे. याच गोष्टी पाहुण्याला लागतात आणि मागायला त्याला लाज वाटते.

रमजानपूर्वी काम संपवायचे असेल तर निदान दीड महिना आधी हात घालावा. सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगला वाळायला वेळ द्यावाच लागतो. आणि मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला दोन दिवस ते बाथरूम वापरू द्यावे. त्यांना कुठे हात पुरला नाही, कुठे पाय अडखळला, ते विचारावे आणि तेवढे दुरुस्त करून घ्यावे.